सात ते सात-पाच, रेती

प्रज्ञा, स्लॅब पडला तेव्हा तू झोपलेली होतीस. एक वीस ते एक चाळीस, तुझी दुपारची झोप. मोबाईल उशाशी, गजर लावलेला. आवाज फार मोठा नव्हता. लोक आता सांगतात की बॉम्ब फुटल्यासारखं झालं. तसं नाही झालं. रेतीचा ट्रक एका दमात खाली करतात तसा आवाज झाला आणि मग जिन्यातून धूळ उतरली. मी तळमजल्यावरच्या भगवंतीच्या दारात होते. मैत्री, तुझी पोर, माझ्या बाजूला, पाठीवर दप्तर. कोणाचं घर पडलं हे लोक एकमेकांना विचारत होते. मला विचारावं लागलं नाही.

आपलं छत म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या हॉलची जमीन. ती त्यांच्या पलंगासकट, कपाटासकट तुझ्या अंगावर आली. ते लोक लग्नाला बदलापूरला गेले होते. मैत्रीला भगवंतीकडे ठेवून मी वर चढले, पण पहिल्या मजल्याच्या पुढे मला कोणी जाऊ देईना. एक चाळीसला तुझा गजर वाजला तेव्हा शेजारचे पुरुष नुसत्या हातांनी दगड उचलत होते. मग दर पाच मिनिटांनी तो वाजत राहिला. फायर ब्रिगेडची माणसं आली ती त्या आवाजाच्या मागे गेली. त्यातल्या एकाने जिन्यात वाकून खालच्यांना सांगितलं, "अंदर से आवाज आ रहा है. जिंदा है."

"तो गजर आहे," मी म्हटलं. "माझी सून पहिल्या गजराला उठते. हा चौथा आहे."

त्याला वाटलं असेल, म्हातारी दगडाच्या काळजाची आहे. असेन.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. विहारात माणसं मावली नाहीत. तुझ्या कारखान्याचे शेठ बोलले, मैत्रीच्या शाळेतल्या बाई बोलल्या. सगळ्यांनी एकच सांगितलं, प्रज्ञा म्हणजे वेळेची पक्की, एक मिनिट फुकट घालवायची नाही. खरं आहे. पण रेतीबद्दल कोणी बोललं नाही, कारण रेती फक्त आपल्या घरात माहीत होती. राजेशने मला विचारलं, "आई, तू बोलतेस का दोन शब्द?" मी नाही म्हटलं. मला जे बोलायचंय ते त्यांना ऐकवायचं नव्हतं. म्हणून मैत्रीची जुनी वही घेतली आहे. चौथीपर्यंत शिकलेली मी, हात हळू चालतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, आई, बोलून रेकॉर्ड करा, वेळ वाचेल.

मैत्री पहिलीत गेली तेव्हा घराची काय दशा होती, आठवतं? पाणी सकाळी साडेपाचला यायचं, जेमतेम तासभर. त्या तासात आपण चौघं एकमेकांच्या पायात. एकीकडे दूध उतू, दुसरीकडे पिंप अर्धंच भरलेलं. शाळेचा रिक्षावाला खाली हॉर्न मारून मारून निघून जायचा. राजेश अंबरनाथला फर्स्ट शिफ्टला डब्याशिवाय पळायचा. माझी साखरेची गोळी एखाद्या दिवशी दोनदा, एखाद्या दिवशी नाहीच. तू जीन्सच्या कारखान्यात चेकर. पँटची एक टीप वाकडी गेली तर तुला हातभर लांबून दिसायची, पण कारखान्यात रोज उशीर, रोज बोलणी. एका सकाळी तू ओट्याशी उभी राहून रडायला लागलीस. मी म्हटलं, "रडायला वेळ आहे, मग भांडी पण होतील घासून." ते मी बोलायला नको होतं. तू डोळे पुसलेस, भांडी घासलीस आणि त्या रविवारी पुठ्ठा घेऊन बसलीस.

मोबाईलवर कोण एक बाई वेळ कशी वाचवायची ते सांगायची, तू भाजी निवडताना ऐकायचीस. तिचं अर्धंअधिक तू टाकून दिलंस. म्हणालीस, "हिच्या नळाला चोवीस तास पाणी असणार." मग स्वतःचं टाइमटेबल बसवलंस. पाणी, शाळा आणि राजेशची शिफ्ट या तीन गोष्टी आपल्या हातात नाहीत, त्या लाल पेनाने आधी लिहिल्यास. बाकी सगळं त्यांच्या मधल्या जागेत बसवलंस. पाणी आहे तोवर पाण्याचीच कामं, गॅस पेटवायचा नाही. कणीक आदल्या संध्याकाळी मळायची. दप्तर, डबा, माझी गोळी, किल्ली, सगळं दाराजवळच्या एका स्टुलावर. दोन मिनिटांचं काम लिहायचंच नाही, दिसलं की उरकायचं. आणि सकाळी कुणी कुणाला थांबवून काही सांगायचं नाही. जे सांगायचं ते संध्याकाळी साडेसातला, जेवताना.

मी हसले होते. विचारलं, "माझं शिंकणं किती वाजता ठेवलंयस?"

"शिंका तुम्ही कधीपण, आई. फक्त पाण्याच्या टायमाला नको."

महिन्याभरात माझं हसणं बंद झालं. रिक्षा चुकेना, डबा राहीना. डॉक्टर म्हणाले, आजी, साखर एकदम छान आहे. मैत्री रात्री नऊला झोपायला लागली आणि तू टीव्हीसमोर पाय लांब करून बसलेली मला पहिल्यांदा दिसलीस. त्या पुठ्ठ्यावर एका ओळीत तू लिहिलं होतंस, चार ते पाच, आई, काही नाही. मी विचारलं, काही नाही म्हणजे? तू म्हणालीस, "काही नाही म्हणजे काही नाही. तो तास तुमचा. कपड्यांच्या घड्या पण घालायच्या नाहीत." मी दहाव्या वर्षापासून काम केलंय, प्रज्ञा. आईने नाही, नवऱ्याने नाही, मला एक रिकामा तास कोणी दिला नव्हता. तुझे आभार मानायचे राहिले. तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं, "बरं."

आता रेती.

पहिल्यांदा ती डाळीत सापडली. मला वाटलं वाण्याने खराब डाळ दिली, मी त्याच्याशी भांडून आले. दुसऱ्या दिवशी हॉलच्या लादीवर चिमूटभर, भिंतीच्या बाजूला. वर बघितलं तर छताला नखाएवढा पोपडा सुटलेला. राजेश म्हणाला, "वरच्यांचं बाथरूम गळतंय, त्यांना सांगतो." त्याने सांगितलं, ते हो म्हणाले. रेती रोज पडायला लागली. एका सकाळी ती मैत्रीच्या चहात पडली आणि सगळंच पाच मिनिटं मागे गेलं. त्या रविवारी तू पुठ्ठ्यावर एक नवी ओळ लिहिलीस. सात ते सात-पाच, रेती, आई.

"रेती आधी, चहा नंतर," तू मला समजावलंस. "म्हणजे चहात पडणार नाही."

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, मला कौतुकच वाटलं. रोज सातला मी केरसुणी घ्यायचे, सूप भरायचे, जिन्यातल्या डब्यात ओतायचे. सात-पाचला चहा. लादी स्वच्छ. कोणी पाहुणा आला तर त्याला कळायचंही नाही. पावसाळ्यानंतर पाच मिनिटं पुरेनात. तू खोडून सात-दहा केलंस. दिवाळीला पंखा लावला की छतातून किरकिर यायची, म्हणून पंखा बंद ठेवायला लागलो. संक्रांतीच्या सुमाराला बाल्कनीचं दार चौकटीत अडकायला लागलं, तेव्हा सात ते सव्वासात झालं होतं. दार उघडायला खांदा लावावा लागायचा. मैत्रीला त्याची गंमत वाटायची. तिसऱ्या मजल्यावर कोणी चाललं की आपल्याकडे भिंतीच्या आतून बारीक सर्र असा आवाज उतरायचा, थांबायचा, पुन्हा उतरायचा. आपण बोलता बोलता थांबायचो आणि तो थांबला की पुढे बोलायला लागायचो.

बिल्डिंगीला नोटीस लागली होती. इमारत धोकादायक आहे, खाली करा. आपल्या गल्लीत ती कितीतरी बिल्डिंगींना लागली होती. उल्हासनगरात स्लॅब पडल्याचं आपण वरचेवर ऐकायचो. ऐकलं की तू विचारायचीस, "किती जुनी होती?" आणि आपल्यापेक्षा दोन वर्षं जरी जुनी निघाली तरी सगळ्यांना बरं वाटायचं.

तुला एक माहीत आहे आणि काही माहीत नाही. माहीत आहे ते हे की राजेशचे वडील गेल्यावर मी बांधकामावर घमेलं वाहिलं. उल्हासनगरात आपल्याच कॅम्पमध्ये, अशाच बिल्डिंगींवर. स्लॅब टाकला की त्याला एकवीस दिवस पाणी मारायचं असतं आणि तोवर खालचं सेंट्रिंग, टेकूच्या फळ्या, हलवायचं नसतं. आमचा मुकादम आठव्या दिवशी काढायला लावायचा, कारण पुढच्या बिल्डिंगीला फळ्या हव्या असायच्या. वेळ वाचला म्हणून तो खूश, आम्हाला लवकर सुट्टी म्हणून आम्ही खूश. कच्चा स्लॅब कसा दिसतो, सळई गंजली की तिची धूळ कशी लाल येते, हे मला त्या मोबाईलवाल्या बाईपेक्षा चांगलं कळत होतं. मी रोज सूप भरत होते. रेतीचा रंग बदलला तो सगळ्यात आधी मला दिसला.

माहीत नाही ते पुढे सांगते.

घर बघायचं तूच काढलंस. वाचलेल्या वेळाचं काय करणार म्हणून मी तुला टोचलं होतं. तू म्हणालीस, "घर शोधणार, आई. इथे राहायचं नाही." रविवारच्या रकान्यात लिहिलंस, अकरा ते दोन, चिखलोली, घर बघणे. तिकडे नव्या बिल्डिंगी आहेत, लिफ्ट आहे, पुढेमागे स्टेशन होणार. पहिल्या रविवारी कारखान्यात मोठी ऑर्डर निघाली. तुझी पद्धत होती, जे काम राहिलं त्याच्यापुढे निळा बाण काढायचा आणि पुढच्या रविवारी ढकलायचं. दुसऱ्या रविवारी राजेशला ओव्हरटाइम. मग मैत्रीची परीक्षा. मग राजेश म्हणाला, स्टेशनचं नक्की होऊ दे, मग जागा घेऊ. दूध, दप्तर, शिफ्ट, पाणी यांच्यातलं एकही काम आपल्याकडे कधी राहिलं नाही, कारण ते राहिलं तर त्याच दिवशी कोणीतरी ओरडायचं. घर बघायचं राहिलं तर कोणी ओरडत नव्हतं. दीड वर्ष बाण जात राहिले. पुठ्ठे बदलले की तू तो शेवटचा बाण नव्या पुठ्ठ्यावर पहिल्यांदा उतरवायचीस. विसरली तू कधीच नाहीस.

एका रविवारी खरंच निघालो होतो. रिक्षा खाली आली होती. मी म्हटलं, माझा गुडघा धरलाय. तू म्हणालीस, "मग आपण पुढच्या आठवड्यात जाऊ, तुमच्याशिवाय कसं ठरवणार." गुडघा धरला नव्हता. तिथे माझं कोण होतं? आपल्या बिल्डिंगीत भगवंती होती. चार ते पाच मी तिच्याकडे बसायचे. ती सिंधी, मी बौद्ध. ती मला अदी म्हणते, बहीण. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकींची सगळी बाळंतपणं, मरणं बघितलीत. तू दिलेला तास मी तिच्याकडे खर्च करत होते आणि मला तो सोडायचा नव्हता.

आणि ही दुसरी गोष्ट. तू गेलीस त्याच्या पाच दिवस आधी, सकाळी सातला, लादीवर रेती नव्हती. तळहाताएवढा गिलाव्याचा तुकडा पडला होता. वर बघितलं तर सळई उघडी, पापुद्रे सुटलेली, लाल. पडलेल्या तुकड्याला मी बोट लावलं तर बोट लाल झालं. तू आत मैत्रीची वेणी घालत होतीस. सकाळी कुणी कुणाला थांबवायचं नाही. मी तुकडा सुपात घेतला आणि डब्यात टाकला. सव्वासातला चहा केला.

ते सकाळचं झालं. संध्याकाळी साडेसातला आपण जेवायला बसलो होतो. तू विचारलंस, "आई, तुमचं काय आज?" रोज विचारायचीस. मी म्हटलं, काही नाही. मला माहीत होतं, हे बोलले तर तू रविवारची वाट बघणार नाहीस. दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड हलेल. मी भात कालवला आणि जेवले. नंतरचे चार दिवसही मी हे बोलले नाही.

तू गेल्यावर राजेशने तीन दिवसांत घर मिळवलं. चिखलोलीलाच, भाड्याने. दोन फोन केले, एक माणूस भेटला, किल्ली घेतली. मी ते बघत बसले होते. नंतर तो मोरीत जाऊन तोंड धूत राहिला, नळ बंदच करेना. इथे पाणी दिवसभर आहे, प्रज्ञा.

घर नवं आहे. भिंती पांढऱ्या, लाद्या चकचकीत. मी पहिल्या दिवशी काठीने प्रत्येक लादी ठोकून बघितली. स्वयंपाकघरात वर एका कोपऱ्यात केसाएवढी रेघ आहे. बिल्डरचा माणूस म्हणाला, रंगाची आहे, आजी. मी त्याला स्टुलावर चढवलं आणि खरवडायला लावलं. रंग निघाला. रेघ खाली तशीच होती. तो म्हणाला, साहेबांना कळवतो. मी म्हटलं, आत्ता कळव, माझ्यासमोर. तोवर मी तुझा चहा पण करणार नाही आणि तुला जाऊ पण देणार नाही. त्याने फोन लावला. उद्या इंजिनिअर येणार आहे. नाही आला तर मी दारात जाऊन बसणार आहे.

मैत्रीने काल स्वतःचं टाइमटेबल केलं. तुझ्यासारखंच, लाल पेन, निळं पेन. शाळा, अभ्यास, आजीची गोळी. त्यात एक ओळ होती, सात ते सात-पाच, वर बघणे.

"हे खोड," मी म्हटलं.

"का?"

"वर बघायची वेळ ठरवायची नाही. काही पडलं, काही दिसलं की तेव्हाच सांगायचं. पप्पा शिफ्टला निघाला असेल तरी थांबवायचं. मी अंघोळीला असेन तरी दार वाजवायचं."

"मम्मी म्हणायची सकाळी कोणाला थांबवायचं नाही."

"मम्मीचं तेवढं चुकलं. माझं जास्त चुकलं."

तिने खोडलं. मग पेनाचं टोपण चावलं आणि म्हणाली, "आजी, त्या दिवशी तू मुद्दाम बसली होतीस ना खाली?"

हो, मुद्दाम. आदल्या दिवशी आपलं भांडण झालं ते तुला माहीत आहे. एक वाजता मैत्रीची रिक्षा येते, मी तिला गेटवरून घ्यायची आणि सरळ वर आणायची, असं पुठ्ठ्यावर होतं. तू जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून येऊन तीन ताटं वाढून बसायचीस. आदल्या दिवशी भगवंतीने हाक मारली आणि आम्हाला सात मिनिटं उशीर झाला. तू म्हणालीस, "आई, भगवंती मावशींना चार वाजताचा तास आहे ना? तुमच्या सात मिनिटांत माझी झोप जाते. मग पुढे पाच तास उभं राहायचं असतं मला."

तुझं बरोबर होतं. पण मला लागलं. मी म्हटलं, "तू जेव आणि झोप. आमच्यासाठी कोणी धरून ठेवलंय तुला?"

दुसऱ्या दिवशी मी गेटवरून मैत्रीला घेतलं आणि भगवंतीच्या दारापाशी आपणहून थांबले. तिने हाक मारली नव्हती. मी आत जाऊन बसले तशी ती म्हणाली, "आज इस टाइम? बहू चिल्लाएगी, अदी."

"चिल्लाने दे," मी म्हटलं.

तिने पापड भाजले, मैत्रीला पाणी दिलं. मैत्री दोनदा म्हणाली, "आजी, एक पंचवीस झाले, मम्मी जेवली पण असेल." मी तिला म्हटलं, पापड संपव. तू जेवलीस. आमची ताटं झाकून ठेवलीस. वेळेवर झोपलीस. आम्ही निघायला उठलो, दारापर्यंत आलो, आणि धूळ उतरली.

हे सगळं मी मैत्रीला काल सांगितलं. तुकड्याचंही. राजेशला आज रात्री साडेसातला सांगणार आहे. तो माझं तोंड बघणार नाही कदाचित, तरी सांगणार आहे.

एक वीसला त्या खोलीत आपण तिघी असायला हव्या होतो. तू होतीस. खाली मी होते, बहात्तर वर्षांची, आणि मैत्री, आठ वर्षांची. आम्ही दोघी जगलो.